शेवटचा फेरा खालून वर

१ ऑगस्ट २००३, शुक्रवार. पिंपळवंडी. ढगाळ.

०५३० ला उठलो. दाढी, चहा, म्हशीला वैरण. ०८०० ला ही वही काढली. तोफखान्यात बावीस वर्षं काढली. काम सुरू झालं की रोजचा अहवाल लिहायचा, ही सवय अजून जात नाही. बयाबाई, म्हणजे आमची मंडळी, म्हणते, "रिटायर हून अठरा वर्सं झाली, आता कुनाला दावायचाय अहवाल?" मी तारीख टाकली.

काम असं. जुन्नर-आंबेगावातले आम्ही माजी तोफची एकोणीस जण उरलोय. दर २८ सप्टेंबरला, तोफखाना दिनाला, ओझरच्या एका कार्यालयात मेळावा असतो. गेल्या वर्षी घोडेगावच्या एकानं तोफेच्या आकाराचा केक आणला. कापताना नळी मोडली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. तोफेची नळी मोडल्यावर टाळ्या! मला राहवलं नाही. उभा राहिलो आणि म्हणालो, "पुढच्या वर्षी मी तोफ आणतो. रिमोटवर नळी उचलून सलामी देणारी." कॅप्टन साहेब पुण्याहून येतात, अध्यक्ष तेच. ते म्हणाले, "हवालदार सावळाराम, वादा?" मी म्हणालो, "वादा."

अठ्ठावन्न दिवस उरलेत. अजून खिळाही आणलेला नाही.

जेवताना बयाबाईनं विचारलं, "औंदा सोमाजी भावजींना बोलावणार का?" मी म्हणालो, नाही. ती म्हणाली, "बरं." तिचं 'बरं' कधीच बरं नसतं.

सोमाजीबद्दल नोंद करून ठेवतो. आम्ही एकाच तोफेवर होतो. नळी वर-खाली करायचं चाक मी फिरवायचो आणि चाकाशेजारच्या तबकडीवरचा आकडा तो वाचायचा. १९७८ साली वाळवंटातल्या सरावात त्यानं आकडा चुकीचा वाचला. गोळा निशाणाच्या चारशे यार्ड पलीकडे गेला. जिथं येऊ नये अशा जागी एक कळप आला होता. अकरा मेंढ्या गेल्या. चौकशी बसली, आकडा वाचणाऱ्याची चूक ठरली, सोमाजीची नाईकची फीत उतरवली. पुढच्या वर्षी मी हवालदार झालो. तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही. मंचरच्या अलीकडे मेंढरं राखतो. मीही बोलत नाही. मी कशाला बोलू? चूक माझी नव्हती.

पलटणीत पुढं कुणाचं काही चुकलं की म्हणायचे, "सोमाजीचा आकडा!" हा शब्द मी काढलेला. चांगला चालला.

४ ऑगस्ट. मंचर.

पप्पू मिस्त्रीकडे गेलो. वय बावन्न, नातवंडं आहेत, तरी पप्पूच. हायवेला गाड्यांचं वायरिंग करतो. मी आलेखाच्या कागदावर काढलेलं चित्र त्याच्यापुढं ठेवलं. त्यानं कागद उभा धरला, आडवा धरला.

"हवालदार, ही तोफ हाये का नांगर?"

त्याला समजावून सांगितलं. पावणेदोन हात लांब तोफ, चाकं लहान मुलांच्या सायकलची, नळी औषध फवारायच्या जुन्या पंपाची, पितळी. तेवढं मी करतो. नळी उचलायची यंत्रणा त्यानं करायची. पप्पूनं डोकं खाजवलं, मग दुकानामागच्या ढिगात शिरला आणि दोन वस्तू घेऊन आला. एक, मेटॅडोरच्या वायपरची मोटर. दुसरी, स्कूटरच्या किकचा गिअर. हा गिअर पूर्ण गोल नसतो, अर्ध्या भाकरीसारखा असतो.

"ह्यो अर्धा गिअर नळीला. मोटरच्या दांड्याला बारकं चाक, त्याचं दाते ह्याच्यात. मोटर फिरली की नळी वर. उलटी फिरली की खाली. झाली तुमची तोफ."

मोटरच्या दांड्यालाच एक काटा लावायचा, मागं पितळी तबकडी, तीवर शून्य ते पंचेचाळीस अंश. हे मी सुचवलं. खऱ्या तोफेवर तसंच होतं. पप्पू म्हणाला, "सलामीला आकडा कशाला पायजे?" मी म्हणालो, आकड्याशिवाय उचललेली नळी म्हणजे नुसता पाईप.

परत येताना कांद्याच्या मार्केटसमोर सोमाजी दिसला. खांद्यावर घोंगडी. त्यानं मला पाहिलं. मीही पाहिलं. तो डावीकडं वळला, मी उजवीकडं. मला जायचं डावीकडंच होतं. स्टँडला वळसा पडला, एसटी चुकली.

११ ऑगस्ट.

नळी जड. मोटर कण्हते आणि नळी पुढं झुकते. पप्पूनं सायकलच्या स्टँडच्या दोन स्प्रिंगा मागच्या बाजूला ओढून बसवल्या. आता नळी तोलली गेली. करंगळीनं ढकलली तरी वर जाते आणि सोडली तिथं थांबते.

"लोन्यावानी," पप्पू म्हणाला.

तोफेबद्दल लोणी हा शब्द मला आवडला नाही, पण काम चोख झालं आहे.

२० ऑगस्ट.

रिमोट आला. खेळण्यातल्या गाडीचा आहे. 'पुढे'चं बटण दाबलं की नळी वर, 'मागे'चं दाबलं की खाली. पल्ला आठ पावलं निघाला. मला वीस पाहिजेत. पप्पूनं तांब्याची तार जोडून एरियल वाढवलं. पल्ला बावीस पावलं.

घरी अंगणात चाचणी घेतली. नळी वर जाताना दोरीवर वाळत घातलेलं बयाबाईचं लुगडं उचललं गेलं. लुगड्यासह बत्तीस अंशांपर्यंत गेली. मोटर दमदार आहे. बयाबाईचं मत वेगळं पडलं.

३१ ऑगस्ट.

पप्पूकडं गणपती बसले. दुकान बंद. चाकांना हिरवा रंग दिला.

५ सप्टेंबर. मंचर. ऊन.

नेमाची चाचणी. हल्ली किल्लीच्या साखळीला लाल लाईट मिळतो, बटण दाबलं की लांब भिंतीवर ठिपका पडतो. तो नळीच्या तोंडात कापूस घालून घट्ट बसवला. म्हणजे नळी कुठं बघते ते भिंतीवर दिसणार. पप्पूच्या दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतलं, आत अंधार. भिंत पाच पावलांवर.

रिमोट माझ्या हातात, पप्पू तबकडीजवळ आकडा वाचायला. हुकूम: वीस अंश. शून्यावरून नळी चढवली. पप्पू ओरडला, "ईस!" थांबलो. ठिपक्यावर खडूनं खूण केली. मग नळी तीसपर्यंत नेली आणि खाली आणली. पप्पू ओरडला, "ईस!" थांबलो.

ठिपका खुणेच्या वीतभर वर.

मी म्हणालो, आकडा नीट वाच. तो म्हणाला, ईसच हाये. पुन्हा केलं. पुन्हा वीतभर वर. पाचव्या वेळी माझं डोकं फिरलं. म्हणालो, "सोमाजीचा आकडा आहे तुझा!" हा कोण सोमाजी, म्हणून त्यानं विचारलं. मी १९७८ ची सगळी हकिकत सांगितली. त्यानं ऐकून घेतली आणि खडू माझ्या हातात कोंबला.

"मंग तुमीच वाचा. मला डोळ्याला चस्मा न्हाई अजून. रिमोट द्या हिकडं."

अदलाबदल केली. त्यानं नळी वर नेली, खाली आणली. मी तबकडीला नाक लावून बसलो होतो. काटा विसाच्या रेघेवर आला, एक केसही इकडं-तिकडं नाही. "वीस!" म्हणालो. भिंतीकडं पाहिलं. ठिपका वीतभर वर.

पप्पू आला आणि नळीला बोटानं हलवलं. टक-टक असा बारीक आवाज झाला.

"प्ले हाये, हवालदार. किकचा गिअर घासलेला. खालनं वर न्याल तवा दाते एका अंगाला टेकत्यात. वरनं खाली आनाल तवा दुसऱ्या अंगाला. मधी एवढीशी फट. ती फट सरंपातूर काटा फिरतो आन नळी फिरत न्हाई. काटा इसावर आला, नळी अजून वरच." मग फडक्याला हात पुसत तो म्हणाला, "आन आकडा वाचनाऱ्याचा काय दोस? त्यो बिचारा बरोबरच वाचनार की."

तो चहा सांगायला गेला. मी वरच्या ठिपक्यावरही खूण केली. भिंतीवर दोन खुणा आहेत.

आज पुढं लिहीत नाही.

६ सप्टेंबर.

०५३० ला उठलो.

७ सप्टेंबर.

पाऊस नाही.

११ सप्टेंबर. पिंपळवंडी.

ताप नव्हता. कुठं गेलोही नव्हतो. तरी लिहिलं नाही.

काल बयाबाईनं विचारलं, "ताट तसंच ठेवलंत, काय झालंय?" मी म्हणालो, गिअर घासलाय. ती म्हणाली, "त्यो कवाचा घासलेला. तुमाला आवाज आत्ता आला." तिला मी काहीच सांगितलेलं नाही. तिला कसं कळतं ते मला कळत नाही.

रिक्रूट असताना पहिल्याच आठवड्यात शिकवतात: शेवटचा फेरा खालून वर. आकड्याच्या पलीकडं गेलास तर नुसता मागं येऊ नकोस. भरपूर खाली उतर आणि पुन्हा चढ. खऱ्या तोफेलाही प्ले असतो, म्हणून हा नियम. मी शेकडो पोरांना तो शिकवला. झोपेतही म्हणून दाखवीन.

आता १९७८. हे कधी लिहिलं नव्हतं, लिहायची गरजच वाटली नव्हती. गोळा भरलेला होता. मागून साहेबांची हाळी आली, लवकर. मी चाक फिरवलं ते जास्त गेलं. सोमाजी म्हणाला, "दोन जास्त." मी दोन खाली आणलं. तो म्हणाला, "बरोबर." मी म्हणालो, "तयार." गोळा सुटला.

दोन खाली आणलं. उतरून पुन्हा चढलो नाही. चार सेकंद लागली असती.

चौकशीत मला एकच प्रश्न विचारला होता: चाक कसं आणलंस? मी म्हणालो, "नियमाप्रमाणं, साहेब." तेव्हा आपण खोटं बोलतोय असं मला वाटलं नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो. पण उत्तर फार झटकन आलं होतं. विचार करायला लागू नये म्हणून येतं तसं. सोमाजीला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "मी आकडा बरोबर वाचला व्हता." एवढंच म्हणाला आणि तेच म्हणत राहिला. माझ्याकडं बघत होता. मी समोर बघत होतो, सावधानमध्ये समोरच बघतात.

त्याची फीत गेली. ती माझी जायला पाहिजे होती. आणि वर 'सोमाजीचा आकडा' म्हणून पंचवीस वर्षं दात काढले. मला लाज वाटते. हे वाक्य मी दोनदा खोडलं आणि पुन्हा लिहिलं आहे.

१५ सप्टेंबर. मंचर.

पप्पूनं मला न विचारता प्ले काढून टाकला. अर्ध्या गिअरला एक बारीक स्प्रिंग लावली, ती दात्यांना सतत एकाच बाजूला दाबून धरते. आता वरून आणा, खालून आणा, ठिपका एकाच खुणेवर. खुशीत होता. "बगा! आता कुनाच्या बापाला कळायचं न्हाई का हिला प्ले व्हता."

खरंच कळणार नाही. मी बराच वेळ रिमोट दाबत बसलो. वर, खाली, वीस. वर, खाली, वीस. मग म्हणालो, "ती स्प्रिंग काढ."

"आँ?"

"काढ."

"चांगलं झालेलं काडायचं? हवालदार, तुमी जेवून आलाय ना?"

मी म्हणालो, जेवून आलोय, काढ. त्यानं काढली, पण दिवसभर माझ्याशी बोलला नाही. मिस्त्री लोकांना चांगलं झालेलं काम मोडायला लावणं म्हणजे अपमान. मला ते मान्य आहे. पण मेळाव्यात मी हीच तोफ दाखवणार. दोन्ही खुणा दाखवणार आणि बोलणार. सगळे एकोणीस समोर असताना.

म्हणजे सोमाजी पाहिजे.

२० सप्टेंबर.

बयाबाईला म्हणालो, सोमाजीला मेळाव्याचं आमंत्रण द्यायचं म्हणतो, कसं द्यावं? ती भाकरी थापत होती. म्हणाली, "गेलं. पंधरा दिस झाले."

कोणाबरोबर? ठमाबाईबरोबर. ठमाबाई म्हणजे सोमाजीची बायको. या दोघी दर महिन्याला मंचरच्या बाजारात भेटतात. किती वर्षं? "मोजली न्हाईत बाई. मी कडधान्य न्हेते, ती ताक आनती. तुमच्या खालची घोंगडी तिचीच की."

चौदा वर्षं मी त्या घोंगडीवर झोपतोय. मला वाटत होतं ती ओझरच्या जत्रेतली. शत्रूची रसद थेट माझ्या अंथरुणापर्यंत आली होती आणि पहारेकऱ्याला पत्ता नाही.

विचारलं, सोमाजी येणार म्हणाला का? "काय बी म्हनले न्हाईत. पत्रिका वाचायला ठमाबाईला दिली आन मेंढरांकडं गेले."

मग बयाबाईला सगळं सांगितलं. चाक, दोन जास्त, दोन खाली. तिनं हातातला पिठाचा गोळा परातीत टाकला. मग म्हणाली, "चोर सोडून संन्याशाला फाशी. आन मी त्या संन्याशाच्या बायकोचं ताक पीत व्हते." आणि रडली. तव्यावरची भाकरी करपत होती, ती मी उलटली.

२८ सप्टेंबर, रविवार. ओझर. तोफखाना दिन.

१००० ला कार्यालयात पोचलो. बयाबाई, पप्पू आणि तोफ. तोफ स्टेजवर मध्ये ठेवली, पांढरी चादर खाली. सतरा जण आले. सोमाजी नाही.

ठरलेलं असं: १०४५ ला नळी पंचेचाळीस अंशांवर जाऊन सलामी, मग मी माइकवर बोलणार, मग भिंतीवर दोन खुणा.

आली का पंचाईत! नवरात्र सुरू, झेंडूचा सुकाळ. सत्काराला एकेकाला ताटाएवढा हार. कॅप्टन साहेबांनी आपल्या गळ्यातला काढला, म्हणाले, "हा मान माझा नाही, हिचा," आणि नळीला घातला. टाळ्या पडल्या. मग कोण मागं राहतो? घोडेगावच्या केकवाल्यानं घातला. सरपंचांनी घातला. कोणीतरी नारळाचं तोरण अडकवलं, कोणीतरी लिंबू-मिरची. मी म्हणालो, बास, नळी तोललेली आहे, लोकांना वाटलं मी विनयानं नको म्हणतोय. नऊ हार झाले. नळी हळूहळू खाली वाकली आणि तिचं तोंड चादरीला टेकलं. दाते सटकले.

मी रिमोट दाबला. आतून घरघर आली. काटा मात्र शिस्तीत चढत पंचेचाळीसवर गेला. नळी जमिनीकडं बघत होती.

हशा झाला. पप्पू डोक्याला हात लावून खाली बसला. मागून कोणीतरी ओरडलं, "सोमाजीचा आकडा!" आणि अख्खं कार्यालय पुन्हा हसलं.

मी माइक घेतला. खुणा दाखवण्याचा प्रश्नच उरला नव्हता. सरळ सांगितलं. म्हणालो, तबकडीवर पंचेचाळीस आहे आणि नळी खाली आहे, हे सगळ्यांना दिसतंय. अठ्ठ्याहत्तर साली हेच झालं. सोमाजीनं आकडा बरोबर वाचला होता. चाक मी चुकीचं आणलं. वरून खाली आणलं. चौकशीत खोटं बोललो. फीत माझी जायला हवी होती.

मग कॅप्टन साहेब उठले, माझ्या पाठीवर थाप मारली. "हवालदार, क्या बात है! पंचवीस साल पुरानी बात! अजून ड्युटीवरच आहात तुम्ही!" सगळे हसले, टाळ्या वाजवल्या. केकवाला म्हणाला, "मग आजपासून सावळारामाचा आकडा म्हणायचं का राव?" पुन्हा टाळ्या. मला शाल आणि नारळ दिला. मग नाश्ता आला, कांदेपोहे आणि जिलबी.

मी सांगितलं होतं. सगळ्यांनी ऐकलं होतं. आणि कोणाच्या अंगाला काही लागलं नाही. मला वाटलं होतं, बोललो की हलकं वाटेल. टाळ्या कशाबद्दल होत्या ते अजून कळलेलं नाही.

एसटीत बयाबाई म्हणाली, "ज्याला सांगायचं त्यो तिथं व्हता का?"

२९ सप्टेंबर, सोमवार. ऊन, वारा नाही.

तोफ घरी ठेवली. १३०० च्या एसटीनं निघालो, मंचरच्या अलीकडच्या फाट्यावर उतरलो. विचारत विचारत दोन मैल चाललो. माळावर वाघर लावलेली, म्हणजे मेंढरांसाठी जाळीचं कुंपण. शेजारी त्यांचं पाल, म्हणजे राहुटी. सोमाजी दगडावर बसून चातीवर सूत कातत होता. केस सगळे पांढरे झालेत. बाजारात मी कधी नीट बघितलंच नव्हतं.

तो 'ये' म्हणाला नाही. 'जा'ही म्हणाला नाही. मी उभा राहिलो.

"काल ओझरला बोललास म्हनं."

"बोललो."

"मी नव्हतो तिथं."

"म्हणून आलो."

त्यानं चाती खाली ठेवली. "थांब. ठमे, हिकडं ये. बस हितं." ठमाबाई पदराला हात पुसत आली आणि बसली. "आता बोल. पैल्यापास्नं."

मी बोललो. बोलता बोलता लक्षात आलं की माझ्या टाचा जुळल्या आहेत आणि हात शिवणीवर आहेत. बदललं नाही. गोळा भरला, हाळी आली, चाक जास्त गेलं.

"मी काय म्हनलो व्हतो?"

"दोन जास्त."

"मंग?"

"मी दोन खाली आणलं. तू म्हणालास, बरोबर."

"आन बरोबर व्हतं?"

"तबकडीवर बरोबर होतं. नळी वरच राहिली होती. तबकडी तुझी, नळी माझी."

"म्हंजी मी बरोबर वाचलं."

"बरोबर वाचलंस."

त्यानं चाती उचलली, तशीच खाली ठेवली. मग पुन्हा विचारलं, "मी बरोबर वाचलं व्हतं?" मी म्हणालो, होय. तिसऱ्यांदा विचारलं. ठमाबाई म्हणाली, "पुरं की आता, त्यांना बसू तर द्या." त्यानं चौथ्यांदा विचारलं. मी चौथ्यांदा सांगितलं.

मला वाटलं होतं तो शिव्या देईल. मी शिव्यांची तयारी ठेवून गेलो होतो. त्यानं काहीच केलं नाही. मग ठमाबाईच बोलली, माझ्याकडं न बघता.

"पैली दोन-तीन सालं म्हनायचे, मी बरोबर वाचलं. कुनी ऐकंना. मंग म्हनाय लागले, एवढी मानसं म्हनत्यात तर माजंच डोळं चुकलं आसंल. तवापास्नं मेंढरं मोजत न्हाईत, भाऊजी. धनगराच्या घरचा मानूस, आन सांजच्याला मेंढरं मी मोजते. बाजारात आकडा आला की माज्या हातात. पोरीच्या लग्नाची तारीख सुदीक मला इचारली, सोता पत्रिका वाचली न्हाई."

"भ्या वाटायचं," सोमाजी म्हणाला. "मोजलं आन पुन्हा चुकलं तर?"

पंचवीस वर्षं मला वाटत होतं, तो माझ्यावर रागावला आहे. तो माझ्यावर रागावलेला नव्हता. त्याचा स्वतःच्या डोळ्यांवरचा भरवसाच गेला होता, आणि तो मी घालवला होता. मी म्हणालो, "सोमाजी, मला माफ कर."

तो म्हणाला, "ते नंतर."

१७३० ला त्याचा भाऊ मेंढरं घेऊन आला. ठमाबाई नेहमीप्रमाणं वाघरीच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली. सोमाजी उठला, तिच्याजवळ गेला आणि म्हणाला, "बाजूला सर." ती सरली. मी जाळीचं एक टोक धरलं. मेंढरं आत शिरू लागली, धक्के देत, एकमेकांवर चढत. हा प्रत्येक पाठीला हात लावायचा आणि ओठ हलवायचा. वीस झाली की एक खडा पायाशी टाकायचा. मध्येच एक कोकरू मागं पळालं, त्याला भावानं उचलून आत टाकलं. सोमाजीचा हात थांबला नाही. शेवटची मेंढी गेली तेव्हा त्याला धाप लागली होती.

"पाच इसा आन सात!" केवढ्यानं ओरडला! माळावर मी एवढ्यानं कोणाला ओरडताना ऐकलं नाही, तोफखान्यातसुद्धा नाही. मग माझ्याकडं वळला. "सावळ्या, वही हाये ना तुज्याकडं? लिव्ह."

मी वही काढली. तो माझ्या खांद्यावरून बघत होता. मग मला बस म्हणाला. भाकरी, झुणका, दूध. जेवताना त्यानं विचारलं, तोफेची नळी कसली आहे. मी सांगितलं, फवारणीच्या पंपाची. तो हसला.

ठमाबाई मला वाटेपर्यंत सोडायला आली. पाल मागं पडल्यावर हळूच म्हणाली, "भाऊजी, पाच इसा आन आठ हायेत. मी मागनं मोजत व्हते."

"त्याला सांगितलंत?"

"न्हाई."

२००० ला घरी. आजची नोंद: सोमाजीची मेंढरं, एकशे सात.